इंगोले मॅडमचं रॉकेट

इंगोले मॅडम माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. कनेरगाव नाक्यावर, वाशिमला जाणाऱ्या रोडच्या कडेला माझं शिलाईचं दुकान. एका अंगाला ढाबा, दुसऱ्या अंगाला पंक्चरवाला. त्या साली शाळेच्या गणवेशाचं काम माझ्याकडं होतं. बाईंनी पोरींचा एक कुर्ता माझ्या कापायच्या टेबलावर पसरला, वरून खालपर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "टेलरमामा, ह्याला खिसा कुठाय?"

"पोरींच्या कुर्त्याला खिसा नसतो, मॅडम."

"काहून?"

"नसतो म्हंजे नसतो. माप वरून आलंय."

"बघू ते माप."

खिळ्याला टोचलेला कागद त्यांनी स्वतः काढला, चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि परत होता तिथं टोचला. "खिशाचं ह्यात काईच लिहिलेलं न्हाई. म्हंजे खिसा नको हे तुमीच ठरवलं. पोरांच्या चड्डीला दोन-दोन खिसे, आन् पोरींनी पेन्सिल काय कानात खोसायची?"

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. मला कुणी कागद वाचून दाखवला की डोकं फिरतं. पण कागदात खरंच काही नव्हतं. सगळ्या कुर्त्यांना खिसे लावले, आणि लावताना बाईला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

हे मी बाईंचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करणारे लई निघाले. त्यांची बदली झाल्यावर नाक्यावर निरोपाचा फ्लेक्स लागला. त्यावर बाईंचा फोटो पासपोर्टाएवढा आणि पुढाऱ्यांचे फोटो दाराएवढे. ज्यांनी त्यांना इथून घालवलं त्यांचीच नावं खाली शुभेच्छुक म्हणून. तो फ्लेक्स बघितला की माझ्या तोंडात कडू पाणी यायचं. म्हणून म्हटलं, आपल्याला जेवढं लिहिता येतं तेवढं लिहून ठेवावं. माझ्यासकट सगळ्यांचं.

बाई मूळच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या. घर बौद्धांचं. बापानं दुसऱ्याच्या रानात राबून पोरीला विज्ञान शिकवलं. उंच, काटकुळ्या, सुती साडी आणि पायात कापडी बूट. साडीवर बूट घालणारी नाक्यावर ही एकच बाई, त्यावरून ढाब्यावरचे टवाळ हसायचे. लग्न केलेलं नव्हतं. बायका विचारायच्या, "काहून केलं न्हाई, मॅडम?" बाई म्हणायच्या, "राहून गेलं." कुणी भाजी आणायला विसरल्यावर सांगावं तसं सांगायच्या. विचारणारीचंच तोंड उतरायचं.

त्यांच्या पर्समध्ये काय असायचं ते मला एकदा दिसलं. फूटपट्टी, खडू, दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन, अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणि सॅण्डपेपर. आरसा नाही, कंगवा नाही. चहा बिनसाखरेचा. रस्त्यानं चालताना मान वर. वारा कुठनं येतोय बघायला वाळकं गवत चिमटीत धरून सोडायच्या, आणि ते कुठं पडतं ते उभ्या उभ्या बघायच्या, मागं ट्रकवाला भोंगा वाजवतोय का काय ह्याचं भान नाही.

आणि उलटं मोजायच्या. दूध उतू यायला लागलं, एसटी वळणावर दिसली, पोरीनं खडू हातात घेतला, की बाईंचं सुरू, दहा, नऊ, आठ. मी एकदा विचारलं, सुलटं काहून मोजत नाही? तर म्हणाल्या, "सुलटं मोजलं तर थांबायचं कुठं ते कळत न्हाई, मामा."

कोणतंही काम झालं म्हणून त्यांना सांगा, त्यांचा एकच शब्द, "बघू." मग बोटं फिरवून, डोळा लावून, उलटं करून बघायच्या. पोरीनं लिहिलेलं असो, सुतारानं ठोकलेलं असो, माझी शिलाई असो. त्या "बघू"चा मला भयंकर राग यायचा. आम्ही काय चोर आहोत?

मग ते रॉकेट आलं. कुरियरवाल्यानं खोकं माझ्याच दुकानात ठेवलं, कारण बाई शाळेत होत्या. संध्याकाळी येऊन त्यांनी ते माझ्या टेबलावर उघडलं. मला वाटलं काही भारी चीज असेल. आत निघाली एक पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकची टोकदार टोपी, हलक्या लाकडाची पातळ फळी, रबराचा पट्टा, प्लास्टिकची एक चिमुकली छत्री, दोऱ्या, आणि बोटाएवढ्या दोन पुंगळ्या.

"हे काय, मॅडम? दिवाळीतला बाण हाय का?"

"बाण गेला की गेला. हे परत येतं." त्यांनी नळी उचलून डोळ्याला लावली. "ह्या पुंगळीत बारूद हाय. ती पेटली की हे वर जातं. वर गेल्यावर थोडा दम धरतं आन् तीच पुंगळी आतून पुढं एक धक्का देती. टोपी निघती, छत्री बाहेर पडती, उघडती. मग सावकाश खाली. परत दुसरी पुंगळी घाला, परत सोडा."

त्यांची खोली भाड्याची, तिथली फरशी उंचसखल. सपाट जागा म्हणजे माझं टेबल. मग पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर बाई आणि आठवीच्या पाच पोरी माझ्या दुकानात. फळीतून पंख कापले, सॅण्डपेपरनं घासले. तीन पंख. ते नळीला चिकटवायला एक संध्याकाळ एक पंख, एवढंच. डिंक लावायचा, धरून बसायचं, सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. मी म्हणालो, सगळे एकदम लावून टाका, हात मोकळा होईल. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत मशिनीकडं तोंड केलं.

किटातली छत्री प्लास्टिकची होती. बाईंना ती पटली नाही. आतल्या धक्क्यानं आच लागली तर ती चिकटून बसेल म्हणाल्या. त्यांनी आपली एक जुनी नायलॉनची साडी आणली, आकाशी रंगाची, आणि मला सहा कोनांची छत्री शिवायला सांगितली. आता हे काम मला आवडलं. चाळीस वर्षं झबली, चोळ्या, पायजमे शिवले, पण आभाळात जाणारी वस्तू माझ्या हातून कधी झाली नव्हती. मी एका बैठकीत शिवून दिली.

"बघू," बाई म्हणाल्या. काठ बोटात फिरवला. "जाड झाला, मामा. घडीत फुगतो. उसवा."

उसवलं. परत शिवलं.

"टाके लांब पडले. उसवा."

"मॅडम, ह्या हातानं मी लग्नाचे कोट शिवलेत."

"कोट घालून कुणी वरून उडी मारत न्हाई. उसवा."

पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. माझा कान तापला. तिसऱ्यांदा शिवलं तेव्हा मी भिंगाचा चष्मा लावला आणि असा काठ मारला की तो काठ आहे हे हाताला कळू नये. सहा दोऱ्या, सहाही एका मापाच्या. बाईंनी फूटपट्टीनं सहाही मोजल्या. मग पावडरीचा डबा काढून छत्रीवर पावडर भुरभुरली, घडी घातली, एका पेरूला बांधली आणि शाळेच्या गच्चीवरून सोडली. छत्री भप्पकन उघडली. पेरू डुलत डुलत खाली आला आणि त्याला डाग पडला नाही. बाई कठड्याला धरून वाकल्या होत्या. वरनंच ओरडल्या, "टेलरमामा, हे काम!"

बाईंकडनं "बघू"च्या पुढं गेलेला माझ्या वाट्याचा तो एकच शब्द.

खरी गोष्ट पुढंच आहे. शाळेत रॉकेट उडवायला हेडमास्तर तयार नव्हते. बाई महिनाभर त्यांच्या मागं लागल्या. शेवटी ते म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पाहुण्यांपुढं सोडा. नीट वर गेलं आणि नीट खाली आलं तर दर महिन्याला मैदान तुमचं, पोरींचा वर्ग तुमचा, शाळा पुंगळ्या मागवील. काही गडबड झाली तर हा खेळ बंद. बाईंनी ते पोरींना सांगितलं, पोरींनी मला सांगितलं. त्या पोरींच्या घरी बोलणं काय, तर आठवीनंतर पुढं कशाला शिकायचं. बाईंना त्या मैदानाची गरज कशासाठी होती ते मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

सव्वीस जानेवारीला मैदानात मंडप. जिलेबीची परात मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली. रॉकेट त्या कोपऱ्याच्या मागं उघड्या जागेत, एका उभ्या तारेवर अडकवलेलं, लाल-पांढऱ्या रंगाचं. त्याच्यापासून पंधरा पावलांवर, मंडपाच्या कोपऱ्यापाशी, बॅटरीची डबी, तिला एक चावी आणि एक बटण. चावी बाईंच्या गळ्यात दोरीला. सकाळी सातलाच बाईंनी सगळं तपासून ठेवलं. टोपी दोन बोटांनी ओढून बघितली, अलगद निघाली, परत बसवली. "वारा पडलेला हाय तोवर सोडायला पाहिजे," म्हणाल्या, "आठच्या आत."

पाहुणे आले दहाला. पांढरेफेक कपडे, काळा चष्मा, मागं दहा माणसं आणि दहाही माणसांच्या हातात मोबाईल. झेंड्याच्या खांबाची पूजा झाली, मग त्यांच्यातला एक जण ताट आणि दुसरा नारळ घेऊन रॉकेटकडं आला.

"मॅडम, नारळ कशावर फोडायचा?"

"कशावरच न्हाई. हा पुठ्ठा हाय. ओला झाला की गेला."

"मग कुंकू तरी लावतो."

"हात लावू नका त्याला. मी तपासून ठिवलंय."

"असं कसं, मॅडम? नवी वस्तू हाय. बिनपूजेची कशी सोडायची?"

"खांबाची केली न्हवं? तेवढी पुरे."

मागून एक जण हळूच बोलला, पण ऐकू जाईल असा, "जाऊ दे, त्यांच्यात चालत न्हाई."

मला त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. बाईंनी ऐकलं, पण मान वळवली नाही. मला म्हणाल्या, "मामा, जरा हितं थांबता? कुणाला जवळ येऊ देऊ नका." कारण तेवढ्यात माईकवरून त्यांचं नाव पुकारलं. सत्कार. शाल, गुच्छ. आणि एकदा स्टेजवर बसवल्यावर पाहुण्यांचं भाषण होईस्तोवर उठता येत नाही.

भाषण लांबत गेलं. विज्ञान, देश, आमचे साहेब, विज्ञान, आमचे साहेब. मी उन्हात रॉकेटजवळ उभा. ते ताट तिथंच खाली ठेवून माणसं गेली होती. हळद, कुंकू आणि लाल धागा.

आता जे लिहितो ते लिहायला माझा हात जड होतो. दर दसऱ्याला मी माझ्या मशिनीला हळदकुंकू लावून लाल धाग्याचे पाच वेढे बांधतो. नवी कात्री आणली तरी बांधतो. माझ्या बापानं बांधले, मी बांधतो, त्याशिवाय पहिला टाका घालत नाही. त्या नारळवाल्यांची मला किळस आली होती हे खरं. पण आत माझी छत्री होती. माझ्या हातचं काम आभाळात चाललं होतं आणि त्याला धागा नव्हता. मला राहवलं नाही. बाई स्टेजवर होत्या. मी ताटातला धागा उचलला आणि टोपी जिथं नळीत बसते बरोबर त्या गळ्यावर पाच वेढे दिले. शिंप्याच्या हाताचे. ओढून, गाठ मारून. लाल रंगावर लाल धागा, चार पावलांवरून दिसेना. मनात म्हणालो, आता बरं झालं.

भाषण संपलं तसे पाहुणे डबीपाशी येऊन घड्याळ बघायला लागले. बाई स्टेजवरून उतरून रॉकेटकडं निघाल्या. मला माहीत होतं त्या काय करणार. टोपी ओढून बघणार. मला भीती वाटली, बाई रागावतील म्हणून. एवढंच. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हेडमास्तर आडवे आले. "मॅडम, साहेबांना पुढं चार कार्यक्रम आहेत."

"एक मिनिट, सर. एकदा बघते."

"सकाळी बघितलं न्हवं तुमी? चावी लावा, चावी लावा."

बाई थांबल्या. रॉकेटकडं बघितलं, पोरींकडं बघितलं. पोरी रांगेत उभ्या, तोंड सुकलेलं, तीन तास उन्हात. वाराही सुटायला लागला होता. बाईंनी गळ्यातली चावी काढली आणि डबीत लावली. आयुष्यात तेवढ्या एकदा त्यांनी न बघता काम पुढं जाऊ दिलं असेल. त्या "दहा" म्हणाल्या, पोरी "नऊ" म्हणाल्या, आणि पाहुण्यांनी बटण दाबून टाकलं.

सूंऽ करून ते गेलं. सरळ. धुराची एक पांढरी रेघ आणि तिच्या टोकाला ठिपका. सगळं मैदान "आऽऽ" करून वर बघत होतं. ठिपका थांबला. वर फट् असा बारीक आवाज झाला आणि टोपी निघायच्या ऐवजी शेपटीतून जळकी पुंगळीच बाहेर उडाली. रॉकेटनं तोंड खाली केलं. छत्री नाही. काही नाही. पोरी ओरडल्या, "मॅडम, छत्री!" आणि ते मंडपाचं कापड फाडून थेट जिलेबीच्या परातीत घुसलं.

कुणाला लागलं नाही. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पाक उडाला. सगळे त्यांना पुसायला धावले, रुमालानं, टॉवेलानं, एकानं तर आपल्या टोपीनं. परातीपाशी पहिला मी पोचलो. रॉकेट उचललं. पाक गळत होता, टोपी तशीच घट्ट, आणि तिच्या गळ्यात माझे पाच वेढे. पुठ्ठा टोपीवर आवळला गेला होता. मी अडाणी असेन, पण हातकामाचा माणूस आहे. बघताक्षणी कळलं.

माझ्या खिशात दोरे तोडायची कातर कायम असते. मी धागा कापला आणि खिशात घातला.

बाई आल्या. त्यांनी माझ्या हातून रॉकेट घेतलं, टोपी पिळून काढली. आत छत्री घडीतल्या घडीत, कोरडी, पावडर लावलेली. मग त्यांनी टोपीचा गळा अंगठ्यानं चोळला. गळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाकासोबत धाग्याचा लाल रंग ओघळला होता. बाईंनी तो रंग अंगठ्यावर बघितला, मग माझ्याकडं. आणि अंगठा पदराला पुसला.

तेवढ्यात मागून तो नारळवाला ओरडला, "म्हणलं न्हवतं म्या? पूजा केली न्हाई, म्हणून पडलं!"

बघता बघता सगळ्या मैदानाच्या तोंडी तेच. पूजा केली नाही म्हणून पडलं. जिलेबीला बारूदाचा वास येत होता, तरी तीच जिलेबी कागदावर घेऊन बोटं चाटत हे बोलत होते. आणि मी, ज्याच्या खिशात पूजेचा धागा होता, तोंड मिटून उभा. घरी गेलो, सदरा खुंटीला टांगला. घटकाभरानं आमची म्हातारी म्हणाली, "अहो, तुमच्या खिशाला मुंग्या काहून लागल्या?" पाकात भिजलेला धागा मुंग्यांसकट मी चुलीत टाकला.

चार दिवसांनी शाळा समितीची बैठक बसली. मलाही बोलावलं, कारण छत्री माझी. खोलीत आठ-दहा जण. एक सदस्य म्हणाला, "मॅडमनी लिहून द्यावं, इथून पुढं शाळेत पूजा केल्याबिगर असलं काई करणार न्हाई."

हेडमास्तर माझ्याकडं वळले. "टेलर, तुमची छत्री काहून उघडली नाही?"

ती वेळ होती. मी उठलो. सगळे माझ्याकडं बघत होते. म्हणालो, "छत्रीत दोष नव्हता." आणि खाली बसलो.

एवढंच बोललो मी. माझं काम तेवढं वाचवलं. आयुष्यभर मी मिरवत आलो की मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी मला माझी जी घाण वाटली ती अजून गेलेली नाही.

बाई म्हणाल्या, "मामा खरं बोलून राहिले. छत्री बरोबर होती." मग कागद पुढं ओढून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. सोडण्याआधीची शेवटची तपासणी न करता मी चावी लावली. त्यामुळे टोपी अडकलेली कळली नाही. चूक माझी आहे. खाली सही.

"पूजेचं लिहा, मॅडम."

"पूजेनं पडलं न्हाई आन् बिनपूजेनं पडलं न्हाई. जे झालं ते लिहिलंय."

खेळ बंद झाला. रॉकेट खोक्यासकट हेडमास्तरांच्या कपाटात गेलं. ते बाईंनी भांडून परत आणलं, स्वतःची वस्तू आहे म्हणून. पण मैदान गेलं. पोरी शाळेतून माझ्या दुकानावरून जायच्या, आत बघायच्या, थांबायच्या नाहीत. बाईंनी बदलीचा अर्ज केला आणि हट्ट्याकडं, वसमत तालुक्यात, बदली मिळाली.

बदली झाल्याचं कळलं त्या दिवशी ढाब्यावर चहा पिताना तोच विषय निघाला. एक जण म्हणाला, बाई नास्तिक, देवानं दाखवलं. मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पूजा झाली होती. धागा मी बांधला. माझ्या धाग्यानं टोपी अडकली, म्हणून पडलं."

मग ढाब्यावाला हसला. "मामा, बाईनं तुमाला बी शिकवलं की!"

"अरे, मी सांगून राहिलो ना, ह्या हातानं बांधला."

"बांधला आसंल. पर धाग्यानं कधी रॉकेट पडतं का? बाई देव मानत न्हाई, म्हणून धागा बी फळला न्हाई." आणि सगळ्यांना ते पटलं. माना हलवल्या त्यांनी. एकानं माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला. मी न पिता उठलो. एवढे दिवस मी घाबरत होतो की खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत. त्यांना ते नकोच होतं.

बाई जाण्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "मामा, एक पुंगळी शिल्लक हाय. उद्या सकाळी सहाला, रोडच्या पलीकडच्या रानात. सोयाबीन काढून पडीक ठिवलंय ते. पोरी येणार हायेत. तुमी?"

"येतो," मी म्हणालो.

सकाळी गेलो. पाचपैकी तीनच पोरी आल्या होत्या. बाईंनी नळीचं चेंबलेलं तोंड कापून नीट केलं होतं. तार रोवली, रॉकेट अडकवलं, गवत सोडून वारा बघितला. मग चावी गळ्यातून काढायच्या आधी मला म्हणाल्या, "मामा, तुमी बघा."

मी टोपीच्या गळ्यावर बोट फिरवलं. दोन बोटांनी ओढली, निघाली. परत बसवली. तिथंच, रॉकेटपाशी उभा राहून बोललो, "मॅडम, तो धागा."

"ठाऊक हाय."

"मग माझं नाव काहून नाही लिहिलं?"

"तुमी बांधला ते तुमच्या मशिनीला बांधता तसाच बांधला असंल. बघायचं काम माझं होतं." त्यांनी तारेचं बूड बुटानं दाबलं. "पण बैठकीत तुमी बोलायला पाहिजे होतं, मामा. मला राग आला होता. अजून हाय."

"व्हय," मी म्हणालो.

"बाजूला या आता."

ह्या वेळी दहापासून शून्यापर्यंत सगळं मोजलं. बटण त्या तिघींतल्या सगळ्यात बुटक्या पोरीनं दाबलं. रॉकेट गेलं, थांबलं, वर बारीक फट् झालं, आणि माझी आकाशी छत्री उघडली. सकाळच्या आभाळात ती पहिल्यांदा दिसेना, मग ऊन लागलं आणि चकाकली. पोरी नाचायला लागल्या. मी ढेकळातच बसलो.

पण वर गेल्यावर वारा वेगळा होता. छत्री खाली यायच्या ऐवजी सरकायला लागली, रोडकडं. बाई मान वर करून तिच्या मागं पळत सुटल्या, साडी एका हातात उचललेली, ढेकळांतून, बांधावरून. वाशिमकडं जाणारा कापसाचा ट्रक येत होता. रॉकेट अलगद, फूल ठेवावं तसं, त्या ट्रकच्या वर भरलेल्या कापसावर उतरलं. छत्री एकदा फुगली आणि बसली. ड्रायव्हरला काही पत्ता नाही. ट्रक गेला.

बाई रोडच्या कडेला पोचल्या तेव्हा ट्रक ढाब्याच्या पुढं होता. मी लांबनं बघत होतो. वाटलं आता ओरडतील, हात करतील. त्या दोन पावलं रोडवर पळाल्या, थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. मोठ्यानं. त्यांना हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. मागून येणाऱ्या एसटीनं भोंगा वाजवला, तशा त्या हसत हसतच कडेला झाल्या आणि ट्रक वळणाआड जाईस्तोवर मान उंच करून बघत राहिल्या.